माचावरचा कांदा आणि माझा नेम

आधीच सांगून टाकते, कांदा का टिकतो आणि का सडतो हे मला अजून धड कळलेलं नाही. चाळीस वर्षं मला वाटत होतं की कळलंय. गावातल्या बायका विचारायला यायच्या आणि मी पाय पसरून, अगदी ठासून सांगायची. आता कोणी विचारलं तर मी पदर सावरते आणि म्हणते, बाई, तुला जे वाटते ते कर.

आमचं गाव एकोडीच्या बाजूचं, सारं धानाचं. कांदा इथे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, कोणी लावत नाही. घरामागच्या सांदवाडीत, विहिरीच्या पाण्यावर चार वाफे, घरापुरते. पण माझ्या कांद्याची गोष्ट वेगळी. त्याचं बी माझ्या आईचं आहे. माझं माहेर तिकडे नाकाडोंगरीजवळ, रानाला लागून. लग्न होऊन निघाले तेव्हा आईने पदराच्या टोकाला एक पुरचुंडी बांधून दिली. मला वाटलं हळद-कुंकू असेल. सासरी येऊन सोडून पाहते तर काळं बारीक बी. कांदा लहान, चपटा, गुलाबी, आणि चिरायला घेतला की शेजारणीच्याही डोळ्यांत पाणी. तसा कांदा बाजारात मिळत नाही. बाजारातला मोठा असतो, दिसायला गोरागोमटा, पण खाल्ला काय न खाल्ला काय.

आई गेली, माहेरचं घर भावांनी पाडून नवं बांधलं. आईचं म्हणून माझ्याकडे ते बीच राहिलं आहे. हे मी उगीच रडायला सांगत नाही. पुढे जे झालं ते समजावं म्हणून सांगते.

कांद्याचं बी धानासारखं नसतं, की कोठीत ठेवलं आणि विसरलं. ते वर्षभरात मरतं. म्हणून दरवर्षी चांगले कांदे बियाला राखायचे, ते कार्तिकात लावायचे, वैशाखात त्यांच्या बोंडांतून बी घ्यायचं, ते बी पुढच्या कार्तिकात पेरायचं. म्हणजे वैशाखात खणलेला कांदा कार्तिकापर्यंत जगला पाहिजे. सारा उन्हाळा, सारा पावसाळा. तो नाही जगला तर बी संपलं.

त्यासाठी मी काय काय करायची ते ऐका. पात माना टाकायला लागली की पंधरा दिवस पाणी बंद. मग खणायचा, आणि तिथेच वाफ्यात असा निजवायचा की एकाची पात दुसऱ्याच्या अंगावर येईल, ऊन थेट लागणार नाही. तीन दिवसांनी उचलून कडुनिंबाखाली सावलीत दहा-बारा दिवस. मान वाळून सुतळीसारखी झाली की दोन बोटं ठेवून पात कापायची. जाड मानेचे, जोडकांदे, कुदळ लागलेले, हे सारे आधी खाऊन संपवायचे. उरलेले माचावर. माचा म्हणजे बांबूच्या फाट्यांचा, कमरेइतका उंच, गाईच्या कोठ्यात एका बाजूला बांधलेला. खालून वारा, वरून वारा.

आणि शेवटचं, सगळ्यांत मोठं, माझा नेम. आषाढातल्या कांदेनवमीला पोटभर भजी खायची आणि त्यानंतर तुळशीचं लग्न लागेपर्यंत घरात कांदा-लसूण नाही. सासूबाईंचा नेम, त्यांनी मला दिला. चार महिने मी कोठ्याकडे फिरकतही नसे. गाईचं सारं आमचे घरचे, म्हणजे माझे यजमान, पाहत, दूधही तेच काढून आणत. तुळशीचं लग्न लागलं की मी माचाकडे जायची, आणि कांदे असे राहायचे की जणू काल ठेवले. ढीग थोडा खाली बसलेला दिसायचा. मला वाटायचं, सुकून आटला असेल.

तेव्हा मी भजनाला येणाऱ्या बायकांना सांगायची, "चार महिने त्याले हात लावत नाही ना आमी, म्हणून टिकते." त्याही मग नेम धरायच्या. कोणाचा कांदा टिकायचा, कोणाचा सडायचा. माझ्या धाकट्या जावेचा तर हमखास सडायचा. भिंतीला भिंत लागून तिचं घर, माझंच बी, माझ्यासारखाच माचा. एकदा तिने विचारलं, "बाई, माहाच काहून सडते?" तेव्हा मी म्हटलं होतं, "तुहा जीव नसंल त्या नेमात." असं मी बोलले होते. ती विसरली नाही.

तीन वर्षांपूर्वी आमच्या घरच्यांना मोठा ताप आला. पंधरा दिवस अंथरुणावर होते. उठले, हिंडायला-फिरायला लागले, देवाची कृपा. त्याच वर्षी पहिल्यांदा कार्तिकात माचावर अर्धा ढीग सडलेला निघाला. मला वाटलं, आजारपणात माझं लक्ष नव्हतं, वाळवताना काही चुकलं असेल. उरलेले लावले, बी घेतलं.

दुसऱ्या वर्षी साराच सडला. बियाला एक कांदा उरला नाही. मी किती विचार केला. कोठ्यावरची मातीची कवेलू काढून मुलाने टीन टाकलं होतं, तर टीन तापते म्हणून असेल. वाफ्यात त्याने दाणेदार खत टाकलं होतं, म्हणून असेल. मग मी टिनावर धानाचं वाळलं तनस पसरवून घेतलं, खत बंद केलं, मान दोनाच्या जागी तीन बोटं ठेवली. काही काही करायचं सोडलं नाही.

आता राहिला होता तिसऱ्या वर्षीचा ढीग, पहिल्या वर्षी उरलेल्या कांद्यांच्या बियाचा. डबीत बी नव्हतं. हा ढीग सडला की आईचं बी माझ्या हातून गेलं, एवढं मला स्वच्छ दिसत होतं. बाकी काहीच दिसत नव्हतं.

श्रावणात विहिरीवर जाऊ भेटली. म्हणाली, "बाई, वास येऊन राहिला तुमच्या कोठ्याकडून."

मी म्हटलं, "गाईच्या शेणाचा असंल."

"शेणाचा वास मले समजते." मग दोर ओढता ओढता, माझ्याकडे न पाहता, "नेम तं मोडला नाही ना कोणी घरात?"

"माह्या घरात कोण मोडते?"

"मले काय मालूम बाप्पा. सून हाय, लेकरं हायेत. मी आपली बोलून राहिली."

ती बोलून गेली आणि माझ्या डोक्यात किडा सोडून गेली. सून शहापूरची, हायवेवरच्या मोठ्या गावातली. चांगली आहे, पण पोह्यात कांदा नसला की तिचा घास घशात अडकतो हे मी पाहिलं होतं. घरी येऊन मी तिला चुलीपाशीच गाठलं. चूल म्हणायचं, गॅस आहे तो.

"खरं सांग. माचावरचे कांदे घेऊन राहिली का तू?"

"कायले घेऊ मी?"

"लेकरांच्या पोह्यात टाकाले."

तिने हातातला झारा खाली ठेवला. "आई, मी घेतले असते तं ढीग कमी झाला असता. सडला काहून असता?"

"नेम मोडला म्हणून."

"म्हणजे कोणी खाल्लं, कोणी नाही, ते कांद्याले समजते?"

त्यानंतर दोन दिवस ती माझ्याशी हाव आणि नाही एवढंच बोलली. नातवंडंही गुपचूप जेवायची. घरात एका ढिगापायी असं होऊन बसलं आणि ढीग तर मी अजून पाहिलाही नव्हता. पाहणार कशी, नेम होता ना.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाऊस थांबला होता, हवा कोंडली होती, आणि तुळशीपाशी उभी होते तर वास तिथपर्यंत आला. मग मला राहवलं नाही. नाकाला पदर लावला आणि गेले कोठ्यात. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, श्रावणात.

आमचे घरचे तिथेच होते. माचापासून दोन हातांवर पोत्यावर बसून गाईसाठी दावं वळत होते. माचाखाली जमिनीवर काळं पाणी ठिबकत होतं, चिलटांचा ढग. मी पदर नाकावर आणखी दाबला आणि हे आपले निवांत, जणू मोगऱ्याखाली बसलेत.

"तुमाले वास नाही येत का?"

"कायचा?"

"कायचा म्हणता? मेलेल्या उंदरावानी सुटला हाय सारा कोठा."

त्यांनी माचाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तू अठी काहून आली? नेम हाय ना तुहा."

"नेम राहू द्या. वास येते का नाही ते सांगा."

त्यांनी दाव्याला एक पीळ दिला, दुसरा दिला. "नाही येत."

"सर्दी झाली का?"

"तिसरं वर्ष हाय हे. त्या तापात गेला तो आलाच नाही."

मी उभीच राहिले. दोन वर्षांवर माणूस माझ्यासमोर बसून जेवतो आणि मला पत्ता नाही. म्हटलं, "मंग सांगतलं काहून नाही?"

"तुले सांगतलं असतं तं साऱ्या गावाले समजलं असतं."

ते खोटं नाही. मग ते पुढे आपणच बोलले, खाली मान घालून. "कांदा म्हणून सडून राहिला. आता समजत नाही ना मले, कोणता बिघडला ते."

"म्हणजे आधी समजत होतं?"

"हात घालायचा ढिगात, नाकाले लावायचा. मानेपाशी नरम पडला का वास बदलते त्याचा. तो काढून घ्यायचा. रोज एक, कधी दोन."

"काढून टाकत होते?"

त्यांनी दाव्याची गाठ आवळली.

"मी विचारून राहिली. टाकत होते का?"

"टाकायचा कायले? अर्धा तं चांगलाच रायते."

मला समजायला वेळ लागला. मी शेतावर त्यांना शिदोरी द्यायची, भात आणि लाखोरीची डाळ, श्रावण-भादव्यातही. कोठ्यातून गाय सोडून तसेच ते शेतावर जायचे.

"खात होते," मी म्हटलं.

"भाताबरोबर. बुक्कीनं फोडून."

"नेमात."

"तुहा नेम होता. मी कुठी घेतला होता?"

आता याला काय म्हणावं. मी आठवून पाहिलं. खरंच, त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. सासूबाईंनी मला सांगितलं, मी साऱ्या घराला लावून दिलं.

"कवापासून?"

"लहानपणापासून. बाबांनीच शिकवलं. ते पण खात होते."

म्हणजे सासरेही. गळ्यात माळ घालून समोर बसायचे, आणि सासूबाई बायकांना सांगायच्या की आमच्याकडे चार महिने कांद्याला हात लागत नाही. त्या तर हे न कळताच गेल्या. मला एकदा वाटलं, बरं झालं. मग वाटलं, बरं कसं झालं? काहीच ठरेना. मी एक टोपलं पालथं केलं आणि त्यावर बसले.

"मंग तोंडाचा वास?"

"तंबाखू कायले खात होतो?"

ह्याच माणसाची तंबाखू त्या तापापासून कमी झाली होती, आणि मी सगळ्यांना सांगत फिरले होते की माझ्या बोलण्याचा शेवटी असर झाला. नाकच गेलं तर कांद्याला चव राहिली नाही. "मातीवानी लागते," म्हणाले. म्हणून खाणं सुटलं, म्हणून तंबाखू सुटली, म्हणून ढीग सडला. मी ज्याला सडण्याचं कारण समजून सुनेवर आळ घेतला, त्याच्यामुळेच तर तो टिकत होता.

रागवायचं होतं, पण कोणत्या गोष्टीवर आधी रागवू हे कळेना. नेम मोडला यावर, की लपवलं यावर, की नाक गेलं ते सांगितलं नाही यावर. आणि तेवढ्यात माचातून एक थेंब खाली पडला, टप. मी उठले. म्हटलं, "सरका बाजूला."

"हात लावतेस?"

"खात नाही मी. हातच लावून राहिली." देवाला काय सांगायचं ते नंतर पाहू, असं मनात म्हणाले. अजून पाहिलेलं नाही.

त्यांनी मला शिकवलं. मानेवर अंगठा दाबायचा, दबला की संशय. मग बुडाशी नाक न्यायचं. चांगल्या कांद्याला वाळल्या पानासारखा वास असतो, बिघडणाऱ्याला आंबट, ताकाच्या भांड्यासारखा. मी एकेक उचलून हुंगायची आणि म्हणायची, "हा," नाही तर "हा नाही." ते बिघडलेले उचलून टोपल्यात टाकायचे आणि खड्ड्यात पुरून यायचे. निम्म्याहून जास्त गेले. उरलेले आम्ही एकाला एक न लागता पसरले. संध्याकाळपर्यंत माझ्या हाताला असा वास भरला की मी देवघरात गेले नाही, दिवा सुनेला लावायला सांगितला.

दिवा लावून ती आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. माफी वगैरे मला मागता येत नाही, पण म्हटलं, "माही चूक झाली माय." ती म्हणाली, "बाबा?" आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली. रात्री जेवायला वाढताना तिने मुद्दाम विचारलं, "बाबा, कांदा देऊ का एखादा?"

ते म्हणाले, "नाही वो. आता नेम हाय माहा."

जावेलाही सांगावं लागलं, कारण ती विहिरीवर रोज विचारत होती. मी तिला जुनं बोलणंही आठवून दिलं, तुझा जीव नसेल म्हणाले होते ते. तिने घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि मग म्हणाली, "म्हणजे बाई, माह्या घरी चोर नव्हता म्हणून माहे सडत होते." आणि निघून गेली. ती रागावली की तिला हसू आलं हे मला पाठीवरून ओळखता आलं नाही.

त्यानंतर दर आठ दिवसांनी आम्ही दोघं कोठ्यात जायचो. नाक माझं, अंगठा त्यांचा. तरी सडायचे. काही काही कांदे मी दोनदा हुंगून चांगले म्हटलेले, तेही आठ दिवसांनी बसलेले निघायचे. तेव्हा वाटायचं, टीन, खत, तेही काही कारण असेलच. की माझं नाक त्यांच्याइतकं नाही? ते म्हणायचे, "घाई करतेस तू. कांद्याले दम दे." कांद्याला दम कसा द्यायचा ते मात्र सांगता यायचं नाही त्यांना.

तुळशीचं लग्न झालं तेव्हा माचावर एका सुपात मावतील एवढे कांदे होते. मी एकेक पुन्हा हुंगला. सांदवाडीत एका वाफ्यात लावले, वरचं टोक कापून, हातभर अंतरावर. बी नव्हतं म्हणून त्या वर्षी खायचा कांदा पेरताच आला नाही. माघ-फाल्गुनात दांडे निघाले, पांढरे गोंडे आले, मधमाश्या आल्या. मी रोज जाऊन पाहायची. आमच्या घरच्यांनी एकदा गोंड्याला नाक लावलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली. मी म्हटलं, "जास्त वास नाहीच येत त्याले." खरं तर येत होता.

वैशाखात बोंडं झोडली, पाखडली, वाळवली. डबीभर निघालं. काळं, बारीक, तसंच. डबी हातात घेतली तेव्हा मला आनंद झाला असं लिहायला पाहिजे. झालाच. पण त्यासोबत एक वेगळीच गोष्ट डोक्यात यायला लागली. मागच्या वर्षी एकदा माझ्या हातून डाळ लागली होती, खाली चांगली करपली होती. सून नाक मुरडत होती, नातवंडांनी ताटं सरकवली. हे मात्र सारी जेवले आणि म्हणाले, चांगली झाली. मला किती बरं वाटलं होतं तेव्हा. आता तीन वर्षांतलं असं एकेक जेवण आठवते आणि कोणतं खरं म्हणाले, कोणतं उगीच, याचा काही हिशेब लागत नाही.

परवा कांदेनवमी झाली. यंदा कांदे बाजारचे, मोठे, डोळ्यांत पाणी न आणणारे. भजी केली. त्यांच्या ताटात पहिला घाणा वाढला आणि समोर बसले.

"कशे झाले?"

"चांगले झाले."

"आता खरं सांगत जा. तुमाले काय समजते?"

त्यांनी एक भजं उचललं, दाताखाली फोडलं, थांबले. "कुरकुरीत झाले. कान तं हायेत ना माहे."

जेवण झाल्यावर त्यांनी फळीवरची बियाची डबी मागितली. कानाशी धरून हलवली, थोडी, पुन्हा थोडी. "वाळलं बरोबर," म्हणाले आणि मला परत दिली. मीही हलवून पाहिली. मला फक्त बी वाजल्याचं ऐकू आलं, वाळलं की नाही ते कळलं नाही. पण डबी मी फळीवर ठेवून दिली. कार्तिकात पेरायचं आहे. यंदा नेम मी धरला आहे, पण पुढच्या वर्षी माचा भरला की कोठ्यात जायचा वारही ठरवून ठेवला आहे, आणि बायकांना काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.